छत्र्या उघडेपर्यंत

२ एप्रिल, गुरुवार
यान उडालं एकदाचं. चौघं जण बसलेत त्यात, चंद्रामागून फेरी मारून परत येणार. मोबाइलवर सगळे टाळ्या वाजवून राहिले अन् मी मेली घामानं ओली. येताना यान समुद्रात उतरतं, तेव्हा तीन मोठे पॅराशूट, छत्र्याच त्या, उघडावे लागतात. त्या पॅराशूटच्या शिवणी तपासणाऱ्यांत आमची प्रणाली. तिकडं अमेरिकेत. तिनं पास केलं, मगच घडी होऊन आत गेले.
फोन केला. "आता कोणालाच उघडून पाहता येत नाही, आई." आवाज कसातरीच. "गावात सांगू नको हं." नाही सांगत.

३ एप्रिल
ह्यांनी सांगितलं. चहाच्या टपरीवर! एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण तोंडाची घंटी काही बंद होत नाही. खूप भांडली मी. म्हणतात, "पोरीचं कौतुक सांगाले का चोरी आहे?" यान उतरलंच नाही अजून. कौतुक कशाचं?

५ एप्रिल, रवि.
प्रणालीचा फोन. जेवली का? भूक नाही. झोपली का? नाही म्हणे. मग सांगितलं. पॅराशूटच्या एका पट्ट्याची शिवण. "तेव्हा ठीक वाटली, आई. आता डोळे मिटले की तीच दिसते."
म्हटलं, तू काय एकटी होती? वर साहेब होते ना.
"सही माझी पण आहे. त्या चौघांना काही झालं तर मी नाही राहणार."
नाही राहणार म्हणजे? नोकरीत? का... विचारलं नाही. विचारायलाच भेव वाटला. ह्यांना सांगितलं नाही.

७ एप्रिल
यान चंद्रामागं गेलं. संपर्क बंद. तसा तो होणारच होता म्हणे, बातम्यांत आधीच सांगितलं होतं. तेवढ्या वेळात मी प्रणालीला फोन लावून राहिली, तिनंही उचलला नाही. यान बाहेर आलं. तिचा मेसेज दुपारी, दोनच शब्द. बरी आहे.
अंगणवाडीत माझ्या हातून पोरांची खिचडी करपली. पोरं म्हणे, बाई, कडू लागते.

८ एप्रिल
माय वं! चौकात फ्लेक्स लागला. भीमजयंती कमिटीच्या पोरांचं काम, १४ तारखेला जयंतीत प्रणालीचा सत्कार ठेवला. प्रणालीचं तोंड अंतराळवीराच्या टोपात बसवलं, मागं हा एवढा मोठा चंद्र. 'चंद्रावर जाणारी तालुक्याची पहिली कन्या.' अरे, ती खोलीवर आहे भाड्याच्या, ती कायले जाईल चंद्रावर!
कमिटीच्या रोहितले म्हटलं, उतरव ते. तर म्हणतो, "टेन्शन मत लो काकू. उतरू द्या यान, मग अक्षरं बदलवू."
अन् नाही उतरलं तर, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

९ एप्रिल
बाया येऊन बसल्या घरात. फ्लेक्स वाचून. मी सांगून राहिली, ती वर नाही, ती जमिनीवर आहे, पण कोणी ऐकेल तर ना. डोळे पुसतात, पाठीवरून हात फिरवतात. मौतीच्या घरी बसतात तशा बसल्या. मीच रडली त्यांच्यात.
शेजारची सुनंदा मागं थांबली. "तुमच्यात नवस चालत नाही, मले मालूम आहे. मी बोलू का देवीले, माह्या नावानं?" नको म्हणायला पाहिजे होतं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून वाढलेली मी. पण तोंडातून 'नको' निघालं नाही. ती गेल्यावर बुद्धवंदना घेतली, दोनदा.

१० एप्रिल, शुक्र.
"आई, उद्या तू पाहू नको टीव्ही."
तुझ्याजवळ कोण राहील?
"कोणी नाही. मीच नको म्हटलं सगळ्यांना."
एकटी! मी म्हटलं, मैत्रिणीला बोलाव, माझी शपथ. हो म्हणाली. खोटं बोलली, मला समजते.
आज ह्यांना सगळं सांगितलं. शिवणीचं, अन् 'मी नाही राहणार' तेही. चपला घातल्या अन् चौकात गेले, फ्लेक्स काढायला. पोरांनी काढू दिला नाही. भर चौकात रडला म्हणे माझा माणूस.

११ एप्रिल, शनि., सकाळ
टीव्ही लावलाच. हे पलंगावर, भिंतीकडं तोंड करून. चौकात भोंगा, पोरं जमली.
प्रणालीचा फोन. "आई, काही बोलू नको. फक्त ठेवू नको." नाही ठेवत. डाव्या कानाला धरला, उजव्या हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून लिहून राहिली.
यान खाली येऊन राहिलं. आग झाली, आतल्या चौघांचा आवाज गेला, पुन्हा आला. आता नुसतं आभाळ. काहीच नाही त्यात.
पांढरं काहीतरी. एक उघडला. एकच.
बाकीचे?
"आई," म्हणाली. पुढं काही नाही. श्वास रोखून बसली आहे तिकडं, ऐकूच येत नाही.
सोड माय, श्वास सोड