ठमीची उपासमार

सोमवार, ३ जून
मुलीची कोंबडी आजारी. नाव ठमी. बाल्कनीच्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसलीय, डोळे अर्धे मिटलेले, गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टणक. मुलगी जेवलीच नाही. कोंबडी मी बरी करणार, असं मी टेबलावर जाहीर केलं. बायकोने वाढता वाढता विचारलं, आधी डॉक्टर की आधी भाषण. या घरात कर्तृत्वाची कदर नाही.

मंगळवार, ४ जून
जनावरांचा डॉक्टर. कोवळं पोर, मतं मात्र ठाम. म्हणे, खाल्लेल्याचा पिशवीत अडकून गोळा झालाय. दाणा पूर्ण बंद, नुसतं पाणी, आणि पिशवी हलक्या हाताने चोळत राहायची. शनिवारपर्यंत मोकळी झाली नाही तर चिरावी लागेल, आणि या वयात ती त्यातून उठेलच असं नाही. मुलीने माझं बोट घट्ट धरलं.
आजाऱ्याला उपाशी ठेवायचं! तळपायाची आग मस्तकात गेली. छापखान्यातल्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीसाठी मी गेटवर घसा फोडलाय. आणि माझ्याच बाल्कनीत उपासमार?
संकल्प: वाद घालणार नाही. थेट कृती.

बुधवार, ५ जून, सकाळ
कृती केली. बायको आंघोळीला गेल्यावर मूठभर गहू पुढे धरले. ठमीने तोंड फिरवलं. दडपलेली माणसंसुद्धा सुरुवातीला हक्क नाकारतातच. चोच उघडून भरवले. मग धीराचे दोन शब्द बोललो. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. समाज हा असा.

बुधवार, संध्याकाळ
पिशवी संत्र्याएवढी. बायको मांडीवर घेऊन चोळत बसली होती. डॉक्टरला फोन केला. तो म्हणतो, पोटात काही जात नसताना पिशवी वाढेलच कशी? म्हणजे त्यालाच कळत नाही! भिंतीवर सर्टिफिकेटं मात्र फ्रेम करून. उंटावरचा शहाणा. उद्या डोस दुप्पट.

गुरुवार, ६ जून
दुप्पट दिला. ठमीला उभं राहवेना. उपाशी ठेवल्याचा परिणाम, दुसरं काय. मी वेळीच हस्तक्षेप केला नसता तर आज गेलीच असती.
मुलगी शाळेत गेली नाही. टोपलीपाशी बसून आहे. तिच्यासमोर भरवता येत नाही, ही मोठी अडचण.

शुक्रवार, ७ जून, सकाळ
कपडे मशीनला टाकताना बायकोला माझ्या शर्टाच्या खिशात गहू सापडले. मी भूमिका मांडायला सुरुवात केली. प्रास्ताविक संपायच्या आत ती निघून गेली. दारात मुलगी उभी होती.
"बाबा, तुम्ही तिला भरवत होतात?"
मी म्हणालो, प्रश्न असा मांडणंच मुळात चूक आहे. ती पाठ फिरवून टोपलीपाशी जाऊन बसली. तिचं वाचन कमी पडतंय. लक्ष घातलं पाहिजे.

शुक्रवार, संध्याकाळ
ठमी घरात नाही. टोपलीही नाही. बायको म्हणते, दवाखान्यात ठेवलीय. मला न विचारता! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी मोठ्याने बजावलं. तिने मिक्सर चालू केला.

शनिवार, ८ जून
दवाखान्यात धडकलो. वेटिंगमध्ये दोन कुत्री, एक पोपट आणि त्यांचे मालक. खुर्चीवर उभा राहून उपासमारीविरुद्ध बोललो. कुत्र्यांनी साथ दिली. मालकांनी नाही. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कोंबडी इथे नाहीच. त्याच्याच सल्ल्याने बायकोने ती माझ्या बहिणीकडे नेलीय. दाणा थांबल्यापासून पिशवी उतरतेय, चिरायची गरज नाही. ‘दाणा थांबल्यापासून’ या शब्दांवर त्याने विनाकारण जोर दिला.
तसाच ताईकडे. तिने दाराची साखळी न काढता तोंड दाखवलं. म्हणाली, "झोपलीय ती. आणि हळू बोल रे." मी हळूच बोलत होतो. सख्खी बहीण! डॉक्टरविरुद्ध पत्रक काढायचं ठरवलं. मजकूर तयार आहे. कागद मात्र छापखान्यात, आणि तो उद्या बंद. सोमवारी बघू.

सोमवार, १० जून
पत्रक राहिलं. वेळ कुठे आहे.
ठमी घरी आली. बायकोची अट: मी टोपलीपासून चार हात लांब राहायचं. अट मान्य केलेली नाही. पाळतोय, ते वेगळं.
संध्याकाळी बाल्कनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मुलगी फरशीवर बसून भिजवलेली कणी एकेक पुढे टाकत होती आणि ठमी टिपत होती. चार शब्द मनाशी जुळवून आणले होते. तेवढ्यात ठमीने मला पाहिलं आणि फडफडत मुलीच्या फ्रॉकखाली शिरली.
मुलगी तिला थोपटत म्हणाली, "घाबरू नको गं. बाबांच्या हातात काही नाहीये."
मी दोन्ही हात उघडून दाखवले. मग आत आलो.