अर्धी वाटी भात

३ मार्च
अर्धी वाटी! चाळीस वर्षं कोतुईच्या भातगिरणीत पोती वाहिली, आणि सून मला भात मोजून वाढते! यहाइरा वाटीत भात दाबतसुद्धा नाही, हलक्या हाताने भरते – चोर! वर राजम्याची आमटी आणि ताटभर कोबी. "बाबा, आधी कोबी संपवा, मग भात." मी काय ससा आहे?

४ मार्च
साखर २१०. म्हणे जास्त.

७ मार्च
तीसुद्धा अर्धीच वाटी घेते. माझ्यासमोर बसून, सावकाश चावत. नाटकी बाई! माझा मुलगा विल्टन डोंगराएवढा भात हाणतो, पातेल्याच्या तळाची खरपूडही तोच खरवडतो – आणि ही बघा, संतीण! शेजारच्या मेर्सेदेसला म्हणालो, "सुनेनं माझ्या नावानं उपास धरलाय." ती हसली नाही. तिलाही अक्कल बेताचीच.

१० मार्च
मेर्सेदेसकडे दोन ताटं भात, वर तळलेली केळी. स्वर्ग! घरी येऊन पुन्हा अर्धी वाटी, अगदी साळसूदपणे. संध्याकाळी साखर २९०.
"बाबा, कुठं जेवलात?"
"तुझ्या बापाकडे!"
यंत्र पुसून ठेवलं. मेणाचा पुतळा.

१४ मार्च
साखर मोजायच्या यंत्राची बटणं दाबून बघत होतो. आत जुने आकडे साठलेले. रोज पहाटे पाचचा एक – २४०, २५५. पाचला तर मी घोरत असतो! म्हणजे ही बया खोटे आकडे घालते, माझा उरलेला भातही तोडायला. सापडली!

१५ मार्च, रविवार
भर जेवणात काढलंच. "पहाटे कुणाचं रक्त लावतेस यंत्राला? कोंबडीचं?"
विल्टन म्हणाला, "बाबा, गप्प बसा."
मी कशाला गप्प बसू? ताट ढकललं. "तुझ्या हातचं विष तूच गिळ!" यहाइरा घासही न घेता उठली, खोलीत गेली. जा!

तोच दिवस, संध्याकाळ
तासाभराने विल्टन ओरडला. ती पलंगावर घामाने चिंब, डोळे फिरलेले, त्याला ओळखेना. यंत्रावर ३८.
"जेवणाआधी इन्सुलिन टोचते ती, आणि आज उपाशीच उठली! सहा वर्षं झाली, बाबा. पहाटेचे आकडे तिचेच."
"मला कुणी सांगितलं का?"
"कसं सांगणार? साखरेच्या माणसांना तुम्ही नासकं बियाणं म्हणायचात – तिच्यासमोर!"
दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी तिच्या हिरड्यांना मध चोळत होतो.

१७ मार्च
यहाइरा दवाखान्यातून घरी आली. स्वयंपाक केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजपासून तुमचा भात तुम्हीच वाढून घ्या."
पातेलं समोर होतं. किती घ्यायचा, ते कळेना.