मोरीतल्या मुंग्या

कोल्हापूर, ३ सप्टेंबर २००४

प्रिय आक्का, तुला आणि तात्यांना माझा जय भीम.

हे गेले त्या सकाळीही मी नेहमीसारखी मोरी धुतली, मुंग्यांवर पावडर टाकली आणि भाकरी थापायला बसले. ह्यांच्या लघवीत साखर जात होती, ते मुंग्यांना कळलं होतं, मला नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

परवा कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तीच साखर तपासायला शिकवली. साखर असली की निळं औषध तापवल्यावर विटकरी होतं. माझ्या नळीत ते विटकरी झालं आणि डोळे भरून आले.

शेजारची सोनम म्हणाली, "काकू, रडताय व्हय? वाफ गेली काय डोळ्यात?"

मी "व्हय" म्हणाले. वर्गात मी सोडून सगळ्या अठरा वर्षांच्या पोरी, त्यांना काय सांगू? जर्नलवर सही न घेताच खोलीवर आले आणि कॉलेज सोडून गावी यायला पिशवी भरली.

काळजी करू नकोस, मेसचं जेवण बरं असतं. पिशवी भरताना तुझं पत्र पुन्हा हाती आलं. तात्यांना हल्ली सारखी तहान लागते, असं तू लिहिलंस. त्यांच्या मोरीत मुंग्या येतात का? बघून लगेच कळव.

काल सकाळी मी प्रयोगशाळेत गेले, तीच तपासणी पुन्हा केली आणि जर्नलवर सही घेतली.

तुझी धाकटी,
सुजाता