झाकन एकच घातलं हुतं

॥ श्री ॥
मु. बोरमळा, ता. पारनेर
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९७१

ती. गोरखदादास,
राहीचा सा. न. वि. वि.

आण्णांना पारनेरच्या सरकारी दवाखान्यात ठिवलंय. जिवंत हायेत, हे पैलं लिवते, म्हंजे खालचं वाचताना तू भिनार न्हाईस.

शनिवारी सकाळी वांग्याला औषध मारायचं हुतं. अळी आत शिरून शेंडं वाळाय लागलं हुतं. लेबल वाचायचं काम माझं, आण्णांना अक्षर लागत न्हाई ते तुला ठावंच हाय. पंपाच्या एका टाकीला एक झाकन, असं लिवलंय. मी एकच झाकन घातलं, काठोकाठबी भरलं न्हाई. आण्णांनी तोंडाला उपरनं बांधलं, वाऱ्याकडं पाठ केली, बिडीसुदिक वढली न्हाई. तिसऱ्या टाकीला त्येंचे हात थरथराय लागले. मग बांधावर बसले आन् तोंडातनं लाळ गळाया लागली. घाम असा की सदरा पिळावा. आईनं गूळपानी दिलं ते तसंच उलटून पडलं. गाडी जुंपून पारनेरला न्हेलं. डॉक्टरनं डोळं उघडून बघितलं तर बाहुली मोहरीएवढी. दर थोड्या येळानं सुई टोचत हुते.

मग डॉक्टरनं इचारलं, औषध कुनी कालवलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. किती झाकनं, म्हनले. मी एक बोट वर केलं. डॉक्टर म्हनले, एवढ्यानं असं हुत न्हाई पोरी, खरं सांग, त्याच्यावर सुया ठरतील. मी परत एकच बोट वर केलं. गोजरआत्या शेजारीच हुती. म्हनली, सहावीतनं घरी बसलेल्या पोरीच्या हातात इख दिल्यावर दुसरं काय हुनार, भाऊ माझा भोळा. वार्डातल्या बाया ऐकत हुत्या.

तू त्याच कारखान्यात औषध तपासतोस. बाटली तुमचीच हाय. एका झाकनानं मानूस पडतं का, तेवढं लिव. आई मला काई बोलत न्हाई. पन विहिरीवर एकटी जाऊ देत न्हाई, घागर सोता आनती. तिला कशाचं भ्याव वाटतंय ते मी इचारलं न्हाई.

तुझा लोभ हाय तेवढा सांभाळून ठिव, हितं दुसऱ्या कुनाचा उरला न्हाई.
तुझी,
राही


नागापूर
शुक्रवार, १२ नोव्हेंबर

चि. राहीस अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. साहेबांकडे रजा मागितली, बुधवारची मिळाली, तेव्हा येतो. आत्याचं मनावर घेऊ नकोस. तिचा डाळीतला खडासुद्धा दुसऱ्यानंच टाकलेला असतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. एका झाकणानं माणूस पडत नाही. आमच्याकडे एक छोटी बाटली असते, तिला स्टँडर्ड म्हणतात. अगदी शुद्ध औषध मुंबईहून येतं, ते ठरलेल्या मापात विरघळवून ठेवलेलं असतं. रोजचा माल त्या बाटलीशी ताडून बघितल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. एका नळीत स्टँडर्ड, दुसरीत आपला माल घालून रंग आणायचा, दोन्ही शेजारी धरायच्या. आपला फिका पडला तर औषध वाढवायचं, गडद झाला तर कमी करायचं. केमिस्ट साहेब बघतात, नळ्या मी भरतो. त्यामुळे माल खोटा निघणं शक्य नाही.

म्हणून म्हणतो, शांतपणे आठव. झाकण घातल्यावर आईनं हाक मारली असेल, परत येऊन तू विसरून दुसरं घातलं असशील. असं कुणाचंही होतं. मी रागावणार नाही, पण डॉक्टरांना खरं कळायला हवं.

आण्णांजवळ बस. त्यांच्या अंगावरचे ते कपडे वेगळे धुवा, साबणानं. उरलेल्या बाटलीला कुणी हात लावू नका.

माझी माया आहे तिथंच आहे, तू जेवत जा.
तुझा दादा,
गोरक्ष


बोरमळा
गुरुवार, १८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आलास, आण्णांच्या पायावर हात ठिवलास. मग बाटली हातात घेऊन तिचा नंबर वाचलास आन् तुझं तोंड उतरलं. चहा न घेता एस.टी. धरलीस. आई म्हनती, पोराला बापाची काळजी लागली. मला तसं वाटलं न्हाई. आपली बाटली तू का न्हेली ते तू कुनालाच सांगितलं न्हाई. सोबत मी गेल्या सालची अर्धी बाटली दिली ती का दिली ते मलाबी गाडी हलंपातुर सांगता आलं न्हाई, म्हनून आता लिवते.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिस आठवत बसले. आईनं हाक मारली का. न्हाई मारली. तू इचारलंस ते मला आत्याच्या बोलन्याहून जास्त लागलं. डॉक्टर परके हायेत. तू माझ्याकडनं पाढं घोटून घोटून पाठ करून घेतलेस.

मग मला कोनाड्यातली जुनी बाटली दिसली. त्याच कारखान्याची, लेबल तेच. गेल्या साली आण्णांनी त्याच औषधाचं आठ पंप मारले हुते आन् संध्याकाळी भजनाला बसले हुते. मी टवका उडालेल्या दोन बरन्या घेतल्या. दोन्हीत सारखं पानी, सारखी काडी बुडवून औषध. एकीत जुनं, एकीत नवं. वांग्याची दोन दोन पानं बुडवून त्यांवर पाच पाच अळ्या सोडल्या. नव्याच्या अळ्या भाकरीचं पीठ मळून हुईपातुर वेटोळ्या हून पडल्या. जुन्याच्या दिवस कलल्यावर मेल्या. दुसऱ्या दिवशी परत केलं, तसंच झालं. नाकाला फडकं बांधलं हुतं, हात राखंनं तीनदा धुतले, रागवू नकोस. आईला वाटलं माझं डोकं फिरलं.

आता आण्णांचं. बोलाय लागल्यात, पन हात थरथरत्यात, पेला धरता येत न्हाई. डॉक्टर म्हनत्यात, आनखी बघू. काल त्येंनी मला जवळ बोलावून इचारलं की राही, तू किती घातलंस गं. रागानं न्हाई, लई हळू. मी भाईर जाऊन बसले.

आन् एक. कादरचाचाच्या दुकानात ह्याच नंबराचा खोका आलाय. शेजारच्या पुंजाराममामांनी त्यातलीच बाटली न्हेली. बनुमामी सांगत हुती, पुढच्या शुक्रवारी त्येंची फवारनी हाय. मी म्हनलं, मामी, थोडी थांबा. ती म्हनली, तुझ्या हातनं जास्त पडलं म्हनून आमी काय पीक किड्याला वाढायचं का.

दोन्ही बाटल्या ताडून बघ आन् जे निगंल ते लिव. मीच चुकले असंन तर तसं लिव, पन लिव.

माझ्यावर विश्वास नसला तर नसू दे, पत्र मात्र चुकवू नकोस.
राही


नागापूर
सोमवार, २२ नोव्हेंबर

चि. राहीस आशीर्वाद.

हे वाचून झालं की चुलीत घाल.

तू चुकली नाहीस. तू एकच झाकण घातलंस.

दोन्ही बाटल्या मी आमच्या स्टँडर्डशी ताडल्या. नवी बरोबर निघाली. जुनी निम्मीच भरली. साहेब म्हणाले, जुनं औषध मरतं. पण तुझ्या अळ्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. शनिवारी स्टँडर्डची बाटली पुसायला घेतली तर काचेच्या बुचाखाली दोरा अडकलेला. हळद लागलेला, झेंडूच्या माळेचा.

दसऱ्याला आपल्याकडे नांगराची पूजा करतात तशी इथं तराजूची, नळ्यांची करतात. सगळं मांडून मी पूजा केली. आमची सगळी मापं ज्या बाटलीवर चालतात तिला गार कपाटातून काढून मधोमध ठेवली, बुचावरून माळ घातली. साहेबांनी कौतुकच केलं. दोन दिवस सुट्टी होती, बाटली तिथंच, खिडकीतल्या उन्हात. नंतर माळ ओढून काढली, दोरा तुटून आत राहिला, बूच घट्ट बसलं नाही. ते औषध विरघळवलेलं असतं स्पिरिटसारख्या पातळ पाण्यात. ते रोज उडत राहिलं आणि औषध मागं उरलं. रोज थोडं काढून घेतो, म्हणून पातळी उतरली ते कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

तुला कळेल असं सांगतो. कादरचाचाच्या तागडीतलं किलोचं वजनच दोन किलोचं झालं तर तो प्रत्येकाला दुप्पट तोलून देईल आणि त्याला वाटेल आपण चोख आहोत. तसं झालं. स्टँडर्ड गडद झालं, आमचा चांगला माल त्याच्यापुढे फिका दिसला, साहेब म्हणाले वाढवा, आम्ही वाढवलं. महिनाभर. कपाटात शुद्ध औषधाची एक सीलबंद कुपी होती, ती मी चोरून फोडली आणि माल तिच्याशी ताडून बघितला. बाहेर गेलेला माल जवळजवळ दुप्पट आहे.

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. जानेवारीत मला कायम करणार आहेत. आण्णांना मी निजवलं, हे आईला कोणत्या तोंडानं सांगू. थोडा वेळ दे. तोवर पुंजाराममामांना काहीतरी निमित्त सांगून थांबव. बाटली सांडली तरी चालेल. माझं नाव काढू नकोस.

तुझ्या लोभाला मी आता पात्र नाही, तरी मागतो.
गोरक्ष


बोरमळा
शुक्रवार, २६ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे टपालात टाकत न्हाई. संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते, नागापूरच्या फाट्यावर तुझ्या खोलीशेजारच्या पानवाल्याकडं ठिवील.

तुझं पत्र काल सांजंला आलं. मी चुलीपाशी बसले, कागद धरला, आन् टाकला न्हाई. पैल्यांदा मला लई बरं वाटलं, ते लपवत न्हाई. मग तुझं वाईट वाटलं. मग पुंजाराममामा आठवले.

सकाळी गेले तर मामांनी टाकी भरलेली, पंप पाठीला, नुसता दांडा मारायचा बाकी. मी म्हनलं, मारू नका, औषध दुप्पट हाय. मामा हसले. म्हनले, बापाला खाटंवर घातलंस, आता आमाला शिकवायला आली व्हय. बांधावर चार मानसं हुती, तीबी हसली. निमित्त सांग म्हनला हुतास, मला एकबी निमित्त आलं न्हाई. मी बाटली वढाय गेले तर मामांनी हात झिडकारला. मग मी कमरेचं पत्र काढलं आन् मोठ्यानं वाचलं.  तुझं नाव गाळायचं असं ठरवलं हुतं. पन माळ कुनी घातली ते गाळलं की पुढचं कुनाला पटंना, मामा सारखं इचारत, कुनी, कुनी. मी तुझं नाव वाचलं.

मामांनी पंप खाली ठिवला. बनुमामीनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन् रडली. आत्या आली हुती मागनं. तिनं कागद हातात घेऊन उलटासुलटा बघितला, तिला वाचता येत न्हाई, तशीच गेली. आईला मीच सांगितलं.  भाकरी थापत हुती ती थापत ऱ्हायली. आज मात्र तिनं मला घागर दिली.

कादरचाचानं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. फळीवरच्या सगळ्या बाटल्या पेटीत घालून कुलूप लावलं. म्हनले, बेटी, दुसऱ्या गावच्या दुकानांत बी खोके गेले असतील, तोंडी सांगून कारखाना ऐकनार न्हाई, हा कागद मला लागंल. मी परत मागितला. ते म्हनले, सोमवारच्या पैल्या गाडीनं मी जातो, तोवर दोन दिवस तुझ्या भावाचे. मी कागद त्येंच्याकडंच ऱ्हाऊ दिला.

तर दादा, शनिवार आन् रविवार तुझ्याकडं हायेत. दुसऱ्यानं सांगायच्या आत तू सांग.

माझा राग आला तर येऊ दे, मी तो सोसंन.
तुझीच,
राही


(पोस्टकार्ड)
जामखेड
गुरुवार, २ डिसेंबर

चि. राहीस आशीर्वाद.

शनिवारीच साहेबांच्या घरी जाऊन बोललो. त्यांनी आधी मला बाहेर काढलं, मग तासाभरानं स्वतःच शोधत आले. सोमवारी कादरचाचा पोचले तेव्हा आम्ही कुठल्या दुकानात कुठल्या नंबरच्या बाटल्या गेल्या ते काढत बसलो होतो. माझं काम गेलं. तरी बाटल्या परत गोळा करायच्या टेम्पोवर मीच जातो म्हणालो, कारण नंबर मला पाठ आहेत. सहाशे बाटल्या आहेत. चारशे दहा मिळाल्या.

इथल्या दुकानातून बारा विकल्या गेल्यात आणि कुणाला दिल्या ते दुकानदाराला आठवत नाही. काल एका वस्तीवर पोचलो तर उशीर झाला होता. त्याच्याबद्दल आत्ता लिहवत नाही. उरलेल्यांसाठी मळ्यामळ्यानं फिरतोय. लोक विचारतात, तू कारखान्याचा कोण. मी सांगतो, ज्यानं हे केलं तो मी. मग ते बाटली आणून देतात.

आण्णांना हे पत्र तू वाचून दाखव. मोठ्यानं.

घरात घेणार असाल तर येईन.
गोरक्ष