स्लॅबखालची चूल

आई, तुला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्याशी मनातल्या मनात भांडतच आले, की तू ऐकलं नाहीस, हट्टाने चुलीपाशी बसत राहिलीस. आज भांडायला बसलेली नाही. लोधिवलीच्या त्या स्वयंपाकघराबद्दल सांगायचं आहे.

घर कौलारू होतं तेव्हा धूर फटींतून निघून जायचा. मग दादा रसायनीला कारखान्यात लागला आणि आपण स्लॅबचं घर बांधलं. स्वयंपाकघराला मागे खिडकी ठेवायची का, असं गवंड्याने विचारलं, तेव्हा मीच म्हणाले, नको, गोठ्यातल्या माश्या येतात, तिथे भांड्यांचं फडताळ करा. मी डी.एड. करत होते, घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं. आणि गॅस येणारच होता. तो आला, तू त्यावर पाहुण्यांचा चहा केलास आणि कोपऱ्यात चूल मांडलीस. "गॅसवरची भाकरी भाकरीसारखी लागत नाय गं," म्हणायचीस. दादा कारखान्यातून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणायचा. त्यांवर निळे शिक्के असायचे. पेटल्या की जाळ कडेने हिरवट व्हायचा आणि घशात कडू चव उतरायची. "लाकूडच हाय ना शेवटी," दादा म्हणायचा. दोन पावसाळ्यांत भिंती छतापर्यंत काळ्या झाल्या. तू पदर नाकाला लावून फुंकणी फुंकत राहिलीस.

कर्जतच्या डॉक्टरांनी तुझा एक्स-रे उजेडात धरला तो दिवस आठवतो. "आजी, विडी किती वर्षं ओढताय?" तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली. "विडी? माज्या सासऱ्यानं पन कदी वढली नाय." मग त्यांनी विचारलं, "घरात चूल आहे का?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "गॅस आहे आमच्याकडे." शाळेत मी पोरांना हवेचा धडा शिकवते, आणि माझ्याच आईच्या घरात चूल पेटते हे सांगायची मला लाज वाटली. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "गॅस हाय, खरं हाय तुजं." एवढंच. पुढे तुला आडवं पडवेना, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचीस. ओठ जांभळट दिसायला लागले. दम कमी झाला तशी तू बोलणंही कमी केलंस.

आता या हिवाळ्यातलं सांगते. दादाची सून पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरून आली होती. मी रविवारी दहिवलीहून बघायला गेले. कोपऱ्यात चूल तशीच पेटलेली, आंघोळीचं पाणी तापतंय, बाळाला ऊब मिळावी म्हणून सून तिथेच मांडी घालून बसलेली. त्याच फळ्या, तेच निळे शिक्के. मी पोरीला उचलून घेते. नाकपुड्या फुगताहेत, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतोय. "सर्दी हाय, आत्या," सून म्हणते. पण आतून येणारी ती शिट्टीसारखी बारीक घरघर मी ओळखते.

टेंपोतून तिला कर्जतला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "घरात चूल वगैरे पेटते का?" दादा लगेच म्हणाला, "नाय नाय मॅडम, गॅस हाय आमच्याकडं."

"चूल आहे," मी म्हणाले. "बंद खोलीत आहे, खिडकी नाही, आणि कारखान्याच्या फळ्या जाळतात."

बाहेर आल्यावर दादा माझ्यावर धावूनच आला. "सुनंसमोर इज्जत काढलीस माजी!"

"आईच्या वेळी मीही तुझ्यासारखंच 'गॅस आहे' म्हणून सांगितलं होतं, दादा. याच गावात, असंच डॉक्टरांसमोर."

त्याला हे ठाऊक नव्हतं. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला.

पोर चार दिवस ऑक्सिजनवर होती. त्या दिवसांत दादाने गवंडी बोलावला, फडताळ स्वतःच्या हातांनी फोडलं. काजळीचे पापुद्रे भांड्यांत पडत होते. चुलीपुढे बसायच्या जागेमागे, काळ्या भिंतीवर एक पाठीएवढा फिकट डाग निघाला, टेकून बसून झिजलेला. तुझ्या पाठीचा की वहिनीच्या, कोण जाणे. आता फडताळाच्या जागी खिडकी आहे, समोरच्या भिंतीत वर झरोका आहे, वारा आरपार जातो. चूल बाहेर उघड्यावर पत्र्याखाली गेली, तीही फक्त पाण्यापुरती. फळ्या दादाने परत नेऊन टाकल्या. मच्छरची कॉइल बंद झाली, मच्छरदाणी आली. भाकरी गॅसवर होते आणि दादा कुरकुर न करता खातो.

पण आई, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पोरीची छाती पुढे किती सुधारेल ते आत्ताच सांगता येणार नाही. आणि वहिनी भांडी घासताना खोकते. कोरडा खोकला, मध्येच थांबून पुन्हा येणारा. मी तिला तपासून घ्यायला चल म्हणते, तर ती खिडकीकडे बोट दाखवते. "आता काय झालंय? खिडकी हाय ना." तीस वर्षं ती त्या कोपऱ्यात बसली आहे.

हे सगळं तुला लिहून काय उपयोग, ते कळत नाही. कागद शाळेच्या वहीतला आहे, वहीतच राहील. एकच गोष्ट तेवढी घरात कोणाला सांगितलेली नाही. दर रविवारी मी पोरीला मांडीवर घेऊन बसते, सगळ्यांना वाटतं आत्या लाड करतेय. मी तिच्या पोटावर हात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, तिचे श्वास मोजत असते. ती हसली की आकडा चुकतो, आणि मला तिच्या हसण्याचा राग येतो.