अकरा नंबरचा आवाज

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले होते, पण कंबरेने मध्येच अडवलं. जेवढा झाला तेवढा नमस्कार तू आणि दाजी वाटून घ्या.) तुझा गुडघा कसा आहे? मलम लावतेस, की कपाटात ठेवून रोज त्याच्याकडे बघतेस? दाजींच्या शिंका थांबल्या का? आमच्याकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे शाळेने मला अजून घरी बसवलेलं नाही.

तुला मागच्या पत्रात लिहिलंच होतं की या सत्रापासून आमच्या शाळेत वर्गावर्गात बोलणारी पेटी बसवली आहे. जेवणाचा डबा उभा केल्यावर दिसेल एवढी, फळ्याच्या वर, ऐकायला लागली की हिरवा दिवा. माझ्या दुसरीच्या मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पेटीबाई ठेवलं. पेटीबाई पाढे म्हणते, गोष्टी सांगते, आकाश निळं का दिसतं तेही सांगते (मी गेली एकोणीस वर्षं ‘पुढच्या वर्षी शिकाल’ असं सांगत आले), आणि पाय दुखतात म्हणून खुर्ची शोधत नाही. एका मुलाने मला विचारलं, बाई, तुम्हाला पण चार्जिंग लागतं का? म्हटलं, लागतं बाबा, मधल्या सुट्टीत चहाचं. तर म्हणाला, पेटीबाईला नाही लागत, ती भिंतीतूनच पिते. खरं सांगते, मला त्या पेटीचा पहिल्या आठवड्यात मत्सर वाटला. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्यावरची धूळ पुसायला लागले. आपला स्वभाव तुला माहीत आहे.

तर ही पेटी हजेरी घेते. नंबर पुकारते, मूल ‘हजर’ म्हणतं, पेटी आवाज ओळखते आणि नोंद करते. माझ्या वर्गातली अकरा नंबर मात्र बोलत नाही. भिंतीच्या कडेकडेने चालते म्हणून मी तिला मुंगी म्हणते. घरी बोलते, बापाच्या दुकानात तर गिऱ्हाइकांशी घासाघीस करते म्हणे, पण शाळेच्या फाटकातून आत आली की तोंडाला कुलूप. (बाप किल्ल्या बनवतो. हा विनोद माझा नाही, सगळ्या शाळेचा करून झाला आहे.) माझ्या हजेरीला ती पेन्सिल बाकावर दोनदा वाजवते. टक टक. पहिलीत मीच तिची बाई होते, तेव्हापासून आमचं असंच ठरलेलं. पेटीला टकटक कळत नाही. तिने मुंगीला सतरा दिवस गैरहजर लावलं आणि थेट घरी पत्र धाडलं. दुसऱ्या दिवशी बाप ते पत्र हातात धरून वर्गाच्या दारात उभा. नखांत पितळेचा चुरा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. म्हणाला, “बाई, मग मी रोज सकाळी हाताला धरून सोडतो ती कोण?”

आणि खरी भीती पुढेच होती. ज्या मुलांचा आवाज सत्र संपेपर्यंत पेटीत नोंदला जाणार नाही, त्यांची एक यादी जाणार आणि त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या शाळेत बसवणार, असं मोठ्या बाईंनी सभेत वाचून दाखवलं होतं. आमच्या शाळेतून त्या यादीत एकच नाव होतं. ताई, या पोरीला सगळं येतं. वजाबाकी तर अशी करते की मी उत्तर तपासायला मागचं पान उघडते. तिला फक्त वेळ लागतो. तो पेटीकडे नाही.

आता मी काय केलं ते सांगते, रागावू नकोस. आधी शेजारच्या बावीस नंबरला ‘हजर’ म्हणायला लावलं. पेटीने तिथल्या तिथे पकडलं. मग मी हजेरीचं पुस्तक तोंडासमोर धरलं आणि डासासारखा आवाज काढून स्वतःच म्हटलं, “हजर.” पेटी म्हणाली, धन्यवाद, अकरा नंबर, आवाज नोंदवला. वर्गातल्या एकतीस मुलांनी हे पाहिलं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. (सहल कुठे न्यायची हे बाहेर फुटतं, हे फुटलं नाही.) मुंगीने माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने पेन्सिल वाजवली. टक टक. म्हणजे आमची हजेरी वेगळी, पेटीची वेगळी.

तू म्हणशील, एवढी हिंमत तुझ्यात आली कुठून? तुझ्याकडूनच. पाहुण्यांनी मला नाव विचारलं की तू सांगायचीस. दुकानात मला काय हवं ते तू सांगायचीस, डॉक्टरांना माझं पोट कुठे दुखतं तेही. मी तुझ्या फ्रॉकचं टोक धरून मागे उभी असायचे आणि मला वाटायचं, जगात प्रत्येकाला एक ताई मिळते. तेव्हा हा गुन्हा खानदानी आहे.

पण माझं एक लक्षात आलं नाही. मी घाबरले की माझा आवाज बारीक होतो. मुलांना गोंजारताना होतो, गोष्टीतला उंदीर करताना होतो, मोठ्या बाई दारात आल्या की हमखास होतो. ते सगळं पेटी मुंगीच्या खात्यावर लिहीत गेली. महिन्याअखेरीस प्रगतीचा कागद निघाला. ‘अकरा नंबर: वर्गात सर्वांत जास्त बोलते. शब्दसंपत्ती प्रौढ. वर्गाला वारंवार गप्प बसवते. इतरांनाही संधी द्यावी.’

बाप तो कागद घेऊन आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या वर्गातल्या कपाटाचं कुलूप दोन वर्षं अडकलेलं, आम्ही ते फूटपट्टीने उघडतो, तेवढं पाहून गेला आणि दुपारी हत्यारं घेऊन परत आला. खाली मांडी घालून बसला, कुलूप सोडवलं, तेल घातलं, दोन किल्ल्या करून दिल्या. माझ्याकडून काही घ्यायचं नाही म्हणाला. ताई, मी रोज ते कपाट लोण्यासारखं उघडते आणि रोज मेल्याहून मेल्यासारखी होते. खरं सांगायला तीनदा त्याच्या दुकानापर्यंत गेले. तिन्ही वेळा किल्ली करून घेऊन आले. आपल्या घराच्या आता पाच किल्ल्या आहेत.

मग व्हायचं तेच झालं. मोठ्या बाईंना त्या कागदाचा एवढा आनंद झाला की त्यांनी पेटीच्या कंपनीच्या साहेबांना बोलावलं, मुंगीच्या बापाला बोलावलं आणि मागच्या बाकांवर बसवलं. ‘न बोलणारी मुलगी बोलू लागली’ हे दाखवायला. पेटीने पुकारा सुरू केला. नऊ. दहा. अकरा. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. आणि पुस्तकाच्या कडेवरून मला बाप दिसला. कान पुढे करून बसला होता, डोळे मिटून. माझ्याच्याने ते ‘हजर’ म्हणवेना. पेटीने पुन्हा पुकारलं, अकरा नंबर. मुंगी माझ्याकडे बघत होती, बाई आता म्हणतील, मग म्हणतील. शेवटी तीच उठली आणि घोगऱ्या, जाडसर आवाजात म्हणाली, “हजर.”

पेटी म्हणाली, हा आवाज अकरा नंबरचा नाही. कृपया दुसऱ्याच्या वतीने बोलू नये.

“मीच आहे.”

नाही.

“अगं मीच आहे ना! तुला काय कळतं?”

मुलं बाक बडवायला लागली. साहेब पेटीकडे धावले. बाप उभा राहिला होता आणि हसत होता की रडत होता, मला माझ्याच डोळ्यांमुळे दिसलं नाही. मी पुढे झाले, सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी आहे, तो आवाज मी काढत होते. भीतीने आवाज एवढासा झालेला. पेटी म्हणाली, धन्यवाद, अकरा नंबर.

नंतर बापाने मुंगीला विचारलं, आज कशी गं बोललीस? तर म्हणाली, बाईंना काय म्हणायचं ते आठवेना, म्हणून मी सांगितलं.

बापाची मी माफी मागितली. तो म्हणाला, “बाई, कागद खोटा निघाला त्याचं वाईट वाटलं. पण आज मी कानाने ऐकलं.”

बाकी क्षेम. गुडघ्याला जप, दाजींना सांग की पंखा एकवर ठेवावा.

तुझीच,
धाकटी

ता. क. – मोठ्या बाईंनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. तू ऑफिसात इतकी वर्षं लोकांना खुलासे लिहून देतेस, मला एक लिहून दे. वरचं पत्र कच्चा मजकूर समज. त्यातलं रडणं काढ.

ता. क. दुसरा – खरं काम आता सांगते. साहेबांनी खोटा आवाज पुसला आणि खरा नोंदवायला वीस वाक्यं बोलायची सांगितली आहेत. मुंगी रोज एकच बोलते, जास्त नाही. आज चौथं. माझा खुलासा निकाली निघेपर्यंत मोठ्या बाई यादी पुढे पाठवणार नाहीत. म्हणजे मला माफी नकोय, मला शाळेचे सोळा दिवस हवे आहेत. साधा कागद या टेबलावरून त्या टेबलावर सोळा दिवस फिरवण्याची तुमच्या ऑफिसची जी कला आहे, ती या खुलाशात घाल. जोडपत्रं कमी पडू देत. एखादी तारीख चुकव. मला शिक्षा झाली तर होऊ दे, पण सतराव्या दिवशी.

ता. क. तिसरा – अक्षर वाकडं आलंय कारण व्हरांड्यात भिंतीला वही टेकवून लिहिते आहे. बोलताना कोणी नको म्हणून मुंगीने मला बाहेर काढलं आहे. दाराला कान मी अजिबात लावलेला नाही. (लावला आहे. पेटी म्हणतेय, पुन्हा बोला. आणि ही तिला म्हणतेय, “आधी तू नीट ऐक.”)