उंची वेगळी, कडकपणा वेगळा

आण्णा, तुमची नात आता कुपवाडच्या कारखान्यात नोकरीला जाते, तीही दुचाकीवरून. काल मेकॅनिककडून मागच्या स्प्रिंगा आवळून आली. "आई, गाडी कशी उचललीय बघ," असं कौतुकानं म्हणाली आणि कंबर धरून खाली बसली. मला हसू आलं आणि तुमचा आवाज ऐकू आला.

उंब्रजला हमरस्त्याकडेला तुमचं पाट्यांचं दुकान होतं. लष्करात गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून सुटलेले तुम्ही ट्रकच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे ते वाकडे लोखंडी पाटे एकावर एक रचत होतात, आणि मी सांगलीला कॉलेजात धातुरूपं. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर आपल्या घरातले देव गेले आणि त्यांच्या फळीवर माझं संस्कृत व्याकरण आलं. शेजारी हसले. "आपल्याला आडवलं हुतं, तेच आदी शिकायचं," एवढंच तुम्ही म्हणालात. त्यातलं एक अक्षर तुम्हाला कळत नव्हतं, आणि परीक्षेच्या दिवसांत मलाही फारसं नाही.

मग औंधच्या शाळामास्तरांशी माझं लग्न झालं. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात मी उंब्रजहून औंधला एका गूळवाल्याच्या जीपमधून आले आणि दुसऱ्याच दिवशी सगळं संपलं. त्या जीपला मागे दोन जादा पाटे तुम्हीच घातले होते. गुळाच्या ढेपा भरल्या की गाडी मागून बसते, मागनं उच्च करून द्या, असा गूळवाल्याचा आग्रह होता. रस्त्यावरचं कुठलंही दुकान करतं तेच तुम्ही केलंत. भरलेली असली की ती जीप वरातीसारखी चालायची. रिकामी असली की शेळीसारखी उडायची. मी रिकामीत बसले होते.

दुसऱ्या खेपेला साताऱ्याच्या डॉक्टरांनी आठव्यातच दवाखान्यात येऊन राहायला सांगितलं. एसटीच्या गर्दीत मला घालायचं नाही असं ठरलं, आणि दुसरी गाडी म्हणजे तीच जीप. आदल्या दिवशी तुम्ही पोत्यात हातोडे घेऊन औंधला हजर. मी उंबऱ्यात बसलेय, अंगणात जीप ठोकळ्यांवर चढवलेली, आणि तुम्ही खालून पाटे ओढून काढताय. दोन निघाले. ठोकळे सरकवले तशी जीप खाली बसली.

"आवं हवालदार, म्हशीगत बसली की वो गाडी! दगडाला प्वाट घासंल तिचं," गूळवाला कळवळला.

"घासू दे. तुमच्या ढेपा न्ह्यायच्या न्हाईत, माजी लेक न्ह्यायची हाय. आन आजून ऱ्हायलेल्या पाट्यांची कमान कुटून वाढवायचीय."

मला राहवेना. "आण्णा, जिथं धूर तिथं विस्तव, तशी जिथं उंची तिथं कडकपणा. मऊपणा आणलात, आता उंची जाणारच. शास्त्र आहे हे."

"तुज्या धुराला ऱ्हाऊ दे, माज्या पाट्याला इचार. पाटं वाढिवलं की कडक हुतंय, म्हनून वर ऱ्हातंय. पर हाय त्याच पाट्याला बाक जास्ती दिला तरीबी वर ऱ्हातंय, आन मऊचं मऊ. उंची येगळी, कडकपना येगळा."

"मग हे या गूळवाल्यांना तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी थट्टेत विचारलं होतं. उरलेल्या पाट्यावर पडणारा हातोडा थांबला.

"त्येनी उच्च मागिटलं, मी कडक दिलं. सोपं पडतंय, म्हनून." मग पुन्हा ठोके सुरू झाले. शेजारच्या लोहारानं भट्टी देऊ केली, ती तुम्ही घेतली नाहीत. तापवला की पाट्यातला ताण मरतो म्हणे. अशी थंड कुटलेली कमान फार दिवस टिकत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. "उद्याचा दिस निभावला की झालं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसलात. खड्डा आला की माझ्याकडे नव्हे, तांब्याकडे बघायचात. साताऱ्याला उतरलात तेव्हा तुमची खाकी पँट भिजलेली होती आणि तांब्यात निम्मं पाणी होतं. लढाई जिंकल्यासारखं ते तुम्ही दवाखान्यातल्या नर्सला दाखवलंत. महिन्याभरानं तुमची नात आली, आणि ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही आधी विचारू लागलात, "काय न्हेनार? माल का मानसं?" लोक वैतागायचे, पण उत्तर द्यायचे.

आता जे तेव्हा सांगितलं नाही, ते. घरी सोडताना डॉक्टर मला म्हणाले होते, पहिलं मूल मुळातच टिकणारं नव्हतं, जीपच्या धक्क्यांचा त्यात काही संबंध नाही. तुम्हाला सांगायला बाहेर आले, तर तुम्ही जीपखाली आडवे होऊन पाट्यांचे बोल्ट आवळत होतात. नुसते पाय दिसत होते. मी थांबले. पुढे वर्षानुवर्षं थांबले. दुकानात सगळ्यांना विचारायचा तुमचा तो प्रश्न बंद पडेल म्हणून गप्प राहिले, असं स्वतःला समजावलं. खरं असं, की माझ्यासाठी कुणी इतकं अपराधी वाटून घ्यावं, हे मला आवडत होतं. तुमची चूक नव्हती, आण्णा. एवढं एक वाक्य मी तुमच्यापासून लपवून ठेवलं. आज ते लिहून झालं, तर तुम्ही गेलात तिकडचं पत्र टाकायला पेटी नाही. नात कारखान्यातून आली की तिला वाचून दाखवते.